सगळंच '.डॉक': जुन्या दिवाळी अंकांच्या फायली उघडतानाच्या नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

वाचनालयाच्या माळ्यावरून दोन खोकी उतरवली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यांचा लगदा झाला होता. माळ्यावरचं मात्र कोरडं राहिलं: ३८ फ्लॉप्या, ७ सीड्या आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची एक वाळलेली रिबन. आपल्या अंकाची १९९४ ते २००५ ही बारा वर्षं यात असावीत. दहा वर्षांचे छापील अंक सभासदांकडून गोळा झाले. १९९७ आणि १९९९ चा अंक कुणाकडेच नाही.

समितीने २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, बाराही अंक वाचायला ठेवायचे असं ठरवलंय. ठरवताना मला विचारलं नव्हतं, पण असो.

आजचं काम एवढंच: प्रत्येक फ्लॉपीची कोपऱ्यातली पट्टी सरकवून भोक उघडं केलं, म्हणजे चुकूनही तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. मग डीडीरेस्क्यू या साधनाने एकेकीची जशीच्या तशी प्रतिमा घ्यायला सुरुवात. धड उतरलेली प्रत्येक प्रतिमा बरोबर १४,७४,५६० बाइटची भरते. यापुढे हात लावायचा तो प्रतींना. मूळ फायलीचं नाव कुणीही बदलायचं नाही, मीसुद्धा.

११ जानेवारी, शनिवार

२९ फ्लॉप्या पूर्ण उतरल्या, ५ अर्ध्यामुर्ध्या, ४ अजिबात नाहीत. त्या चारांतल्या एकीवर पेनाने 'मॅक' लिहिलंय. ती जुन्या मॅकची ८०० केबीची असेल तर यूएसबी ड्राइव्हला वाचता येणार नाही. त्या यंत्रात आतल्या-बाहेरच्या ट्रॅकप्रमाणे फिरण्याचा वेग बदलायचा.

फायली एकूण ११४६. एक्स्टेंशनप्रमाणे, म्हणजे नावाच्या ठिपक्यापुढच्या शेपटीप्रमाणे, यादी काढली तर सगळ्यात मोठा ढीग '.डॉक'चा, २१२. हुरूप आला. वर्डच्या फायली, दोन तासांत उघडतील असं वाटलं. पहिली उघडली, पत्र. दुसरी उघडली, चौकोन. तिसरीला वर्डने 'कोणती एन्कोडिंग?' (अक्षरं कोणत्या तक्त्याने साठवलीत?) असं मलाच विचारलं. चौथी उघडलीच नाही.

विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळात नावाला आठ अक्षरं आणि शेपटीला तीन, एवढीच जागा. त्यात 'डॉक्युमेंट'ची पहिली तीन अक्षरं सगळ्यांनाच हवी होती. वर्डच्या आधी कित्येक प्रोग्रॅमांसोबतच्या साध्या सूचनापत्रकांनाही हीच शेपटी असे. विंडोज ती शेपटी बघून फाइल कुणाच्या तरी हवाली करतं, आत डोकावत नाही. वर ओळखीच्या शेपट्या लपवूनही ठेवतं. ती सेटिंग आधी बंद केली.

१२ जानेवारी, रविवार

लिनक्सवरची 'फाइल' ही आज्ञा सगळ्या ढिगावर चालवली. युनिक्समध्ये ती १९७३ पासून आहे आणि नावाकडे ढुंकूनही बघत नाही. सुरुवातीचे बाइट बघते. पडताळा म्हणून ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ड्रॉइड चालवलं. ते प्रोनोम या नोंदवहीतल्या खुणांशी फाइल ताडून बघतं आणि आतला माल व शेपटी जुळत नसेल तर तसा शेरा मारतं. आमच्या यादीत शेऱ्यांचा पाऊस पडला.

२१२ '.डॉक'चा हिशेब असा निघाला. १३१ फायलींची सुरुवात 'डी० सीएफ ११ ई०'ने. मायक्रोसॉफ्टमधल्या कुणीतरी हेक्समध्येच (०-९ आणि ए-एफ अशा आकड्यांत) 'डॉकफाइल' असं लिहून ठेवलंय, इंग्रजी अक्षरांत बघितलं की दिसतं. २२ मध्ये पहिल्याच ओळीत महिरपी कंस आणि 'आरटीएफ', त्या तशाच उघडल्या. १७ साधा इंग्रजी मजकूर. ९ वर्डस्टारच्या. २० ना 'फाइल'ने 'आयएसओ-८८५९ मजकूर', म्हणजे युरोपी अक्षरांचा, म्हटलंय, त्यावर माझा विश्वास नाही. उरलेल्या १३ ना नुसतं 'डेटा', म्हणजे तिनेही हात टेकले.

वर्डस्टारच्या ९ चा निकाल लगेच लागला. तो प्रोग्रॅम शब्दातल्या शेवटच्या अक्षराचा वरचा बिट चढवून ठेवतो, म्हणून प्रत्येक शब्दाचं शेपूट भलतंच दिसतं. तो बिट उतरवला की इंग्रजी वाचता येतं. जाहिरातदारांना पाठवलेली १९९४ ची दरपत्रकं निघाली. अंकासाठी निरुपयोगी, पण पाव पानाचा भाव बघून समितीतले ज्येष्ठ बराच वेळ हसत होते.

१८ जानेवारी, शनिवार

'डॉकफाइल'वाल्या १३१. इथे चांगलीच फसले होते. ही खूण वर्डची नाहीच. ती डब्याची खूण आहे. त्याच डब्यात एक्सेल बसतं, पॉवरपॉइंट बसतं, जुनं विंडोज फोटोंच्या फोल्डरात टाकायचं ती थंब्स डॉट डीबीसुद्धा बसते. डबा ओळखून भागत नाही, झाकण काढावं लागतं.

झाकण काढायला सेव्हन-झिप पुरतं, ते या डब्याला झिपसारखंच उघडतं. आत 'वर्डडॉक्युमेंट' नावाचा प्रवाह (डब्यातला कप्पा) दिसला तर वर्ड, 'वर्कबुक' किंवा 'बुक' दिसला तर एक्सेल. ११८ वर्ड निघाल्या, ६ एक्सेल. उरलेल्या ७ मध्ये प्रवाहाचं नाव होतं 'पेजमेकर'.

पेजमेकर! छापायची पानं लावायचा प्रोग्रॅम. सातही फायलींच्या नावात '९९'. आणि शेपटी '.डॉक'.

१९ जानेवारी, रविवार

काकूंकडे गेले. १९९५ पासून अंकाची सगळी डीटीपी, म्हणजे संगणकावरची पानमांडणी, त्यांनी केली. अजून घरी पेजमेकर चालवतात, एक्सपीच्या जुन्या संगणकावर, त्यावर मंगळवारी हळदीकुंकूसुद्धा वाहतात म्हणे. संक्रांतीचा उरलेला तिळगूळ हातावर ठेवून म्हणाल्या, "बोल, काय अडलंय?"

पेजमेकरची फाइल डॉक कशी झाली विचारलं तर त्यांना हसू आवरेना. "अगं, ऑफिसातल्या मशीनवर कुणीतरी बॅच फाइल लिहून ठेवली होती. रोज संध्याकाळी बॅकअप. पण ती फक्त स्टार-डॉट-डॉक उचलायची! माझं काम पेजमेकरचं, त्याची शेपटी पी-पासष्ट. दोनदा गेलं, दोनदा अख्खा सोळा पानांचा फॉर्म पुन्हा लावला. मग मी सगळ्यालाच डॉक करून टाकलं. उघडताना पेजमेकरच्या आतून उघडायचं, त्याला काही फरक पडत नाही."

मी आठवडाभर त्या शेपटीला चुकीची म्हणत होते.

२५ जानेवारी, शनिवार

'आयएसओ-८८५९' म्हटलेल्या २० फायली. उघडल्यावर टोप्या घातलेल्या युरोपी अक्षरांच्या ओळी, मधे मधे मोकळ्या जागा, शेवटी पूर्णविराम. ओळींची लांबी आणि विरामचिन्हं बघून वाटलं की हा मजकूरच आहे, फक्त आपल्याला वाचता येत नाहीये.

एका फायलीत 'सीसी सीएफ डीए बीई डीसी' हे पाच बाइट पुन्हा पुन्हा येत होते. इस्की तक्ता काढला (भारतीय लिप्यांच्या अक्षरांसाठीचं भारतीय मानक १३१९४, साल १९९१): सीसी म्हणजे म, सीएफ म्हणजे र, डीए काना, बीई ठ, डीसी दीर्घ वेलांटी. मराठी.

एकटीच होते, तरी मोठ्याने वाचलं.

ऑफिसातल्या डॉस मशीनवर मराठी टंकायचं जिस्ट कार्ड होतं, सी-डॅक या सरकारी संस्थेचं. त्यावर टंकलेला मजकूर इस्कीत साठवला जायचा. इस्कीची देवनागरी ज्या बाइटांवर बसते तेच बाइट पश्चिम युरोपच्या तक्त्यात टोपीवाल्या अक्षरांचे आहेत. त्यामुळे 'फाइल' खोटं बोलली नाही. तिला देवनागरीची शक्यताच कुणी शिकवलेली नाही. आयसीयू या युनिकोडच्या सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या यूकॉन्व्ह या साधनात इस्कीचं रूपांतर आधीपासून आहे. वीसही फायली दहा मिनिटांत युनिकोड झाल्या. इस्कीत अक्षरं उच्चाराच्या क्रमाने असतात, 'कि' मध्ये आधी क आणि मग वेलांटी, म्हणून काहीच हलवावं लागलं नाही. हे सुख पुढे मिळणार नाही हे तेव्हा माहीत नव्हतं.

विसातल्या चौदा फायली १९९७ च्या अंकाचा कच्चा मजकूर आहेत. प्रूफ वाचण्यापूर्वीचा. बाजूला ठेवल्या.

१ फेब्रुवारी, शनिवार

आज सीड्या. मुखपृष्ठं '.सीडीआर'मध्ये असतील असं काकूंनी सांगितलं होतं, कोरलड्रॉ. चौदा सापडल्या. 'फाइल' तेरांना 'रिफ' म्हणते. रिफ हाही डबाच. वेव्ह आवाज, एव्हीआय व्हिडिओ, सगळे याच चार अक्षरांनी सुरू होतात. मात्र इथे झाकण काढायची गरज नाही. पहिली चार अक्षरं, पुढचे चार बाइट आकार, आणि नवव्या बाइटपासून खरं नाव. तिथे 'सीडीआर' आणि त्यापुढे आवृत्ती: ८ असेल तर आठवी, ९ असेल तर नववी, मग दहावीला ए, अकरावीला बी. लिबरऑफिस २०१२ पासून कोरल उघडतं. रंग थोडे इकडेतिकडे झाले, आकृत्या ठीक आल्या. अक्षरांना वक्ररेषा केलेलं होतं म्हणून शीर्षकंही शाबूत आली. ज्याने कुणी ते केलं त्याला दुवा.

चौदावी सीडीआर ६४० एमबीची. इतकं मोठं मुखपृष्ठ? कोरल नाही, रिफ नाही, सुरुवातीला नुसती शून्यं. पार पुढे ३२,७६९ बाइटांनंतर 'सीडी००१' सापडलं, म्हणजे ही अख्ख्या सीडीची प्रतिमा. मॅकचं डिस्क युटिलिटी सीडीची मास्टर प्रत '.सीडीआर' नावानेच बनवतं. २००४ चं मुखपृष्ठ पुण्याच्या एका चित्रकाराने मॅकवर केलं होतं, ते हे. प्रतीची शेपटी '.आयएसओ' केली, डबल क्लिक, उघडली. आत चित्रं, आणि प्रत्येक चित्रामागे ठिपका-अधोरेषेने सुरू होणारी त्याच नावाची बारकी जोडफाइल. मॅक स्वतःच्या नोंदी अशा वेगळ्या ठेवतो. सुरुवात ०० ०५ १६ ०७. न उघडणाऱ्या टिफ चित्रांची जी लांबलचक यादी मी केली होती, ती निम्म्याहून जास्त याच जोडफायलींची होती.

'.डॅट' फक्त दोन. एक २००२ च्या प्रकाशन समारंभाची व्हिडिओ सीडी, तीही रिफच, पण नवव्या बाइटला 'सीडीएक्सए'. व्हीएलसीत लगेच चालली. अध्यक्षांचं भाषण तेव्हाही लांबलंच होतं. दुसरी विनमेल डॉट डॅट, आउटलुकने पाठवलेल्या ईमेलचं गाठोडं. 'टीनेफ' नावाच्या छोट्या साधनाने सोडवलं तर आत एका लेखकाचा ललित लेख, २००३ चा. तो अंकात छापला गेलेला नाही. बहुधा तेव्हाही कुणाला उघडता आला नसावा.

२ फेब्रुवारी, रविवार

२००३ नंतरचे अंक पेजमेकर ७ मध्ये. काकूंनी पेन ड्राइव्ह दिला, त्यावर '.पीएमडी' नऊ. आठ डब्यात, आत 'पेजमेकर' प्रवाह. नववी डब्यात नाही. तिचे पहिले तीन बाइट म्हणजे 'पी', 'एम', 'डी' ही अक्षरंच. पेजमेकर असं स्वतःचं नाव लिहीत नाही. शोधलं तर जपानी नाचणाऱ्या बाहुल्यांच्या ॲनिमेशनचं मॉडेल, मिकुमिकुडान्स. काकूंच्या नातवाचं, कॉलेजात असतानाचं. फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे माझ्या अंकात तो नाचत होता!"

८ फेब्रुवारी, शनिवार

१९९९. अंक १२८ पानांचा, सोळा-सोळाचे आठ फॉर्म. '.डॉक' नाव घेतलेल्या पेजमेकर फायली सात. आठवा फॉर्म कुठेच नाही.

एका सीडीवर 'एफ८.पीआरएन' दिसत होती. पीआरएन म्हणजे 'प्रिंट टू फाइल'ने निघालेला छपाईचा हुकूम, आणि हुकूम कुठल्या प्रिंटरच्या भाषेत आहे हे शेपटीवरून अजिबात कळत नाही. याच सीडीवर आणखी दोन पीआरएन होत्या. एक एचपीच्या पीसीएल भाषेत, एस्केपनंतर '%-१२३४५एक्स' अशी सुरुवात. दुसरी तर प्रिंटरचीही नाही, लोटस या हिशेबाच्या प्रोग्रॅममधून काढलेली वर्गणीदारांची साध्या मजकुरातली यादी. एफ८ च्या पहिल्या बाइटला ०४ आणि मग टक्का, उद्गारचिन्ह, पीएस. पोस्टस्क्रिप्ट, छपाईची आणखी एक भाषा! तो ०४ विंडोजच्या प्रिंटर ड्रायव्हरचा, आधीच्या कामाचा निरोप घ्यायचा.

घोस्टस्क्रिप्टने पीडीएफ केली. सोळाही पानं आली, फाँटसकट, कारण पोस्टस्क्रिप्टमध्ये लागणारे फाँट आतच भरलेले होते. फक्त सगळी उलटी, आरशात बघितल्यासारखी. काकूंना फोटो पाठवला. उत्तर: "बटरवर काढायचं ना ते! शाई प्लेटला टेकली पाहिजे, म्हणून मिरर." त्यांच्याकडचा प्रिंटर ३०० डीपीआयचा, म्हणून पीआरएन करून दुसरीकडे १२०० वर बटर पेपरचे प्रिंट काढत. इमेजमॅजिकमध्ये आडवं उलटवायच्या आज्ञेचं नाव 'फ्लॉप' आहे. चालवली, यशस्वी झाली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

उरलेले सात फॉर्म. लिबरऑफिस २०१५ पासून पेजमेकर ६ च्या पुढच्या फायली आयात करतं. मांडणी बऱ्यापैकी, पण मजकूर म्हणजे पुन्हा टोपीवाली अक्षरं. या वेळी इस्कीचा तक्ता लावून काही निघालं नाही.

फाइल ओळखली, उघडली, तरी वाचता येत नाही. दीड महिन्यातला सगळ्यात चिडचिडा दिवस.

हा मजकूर इस्कीत नाही, फाँटात आहे. त्या काळचे फाँट अक्षर साठवत नसत, अक्षराचे तुकडे साठवत: अर्धा क, काना, रफार, प्रत्येकाचा वेगळा क्रमांक, आणि क्रमांक प्रत्येक कंपनीचे वेगळे. सी-डॅकचा योगेश वेगळा, श्री-लिपीचा वेगळा, आकृतीचा तिसराच. सी-डॅकमध्येही डीव्ही आणि डीव्हीबी निराळे; 'बी' म्हणजे द्विभाषी, त्यात इंग्रजीची जागा राखलेली. फाइल कुठल्याही प्रोग्रॅमने ओळखली तरी तो 'कोणता फाँट' हे सांगत नाही.

'स्ट्रिंग्ज' ही आज्ञा बायनरीतून वाचता येण्याजोगे शब्द उपसते. पेजमेकर फायलींतून 'डीव्हीबी-टीटीयोगेश' आणि 'डीव्हीबी-टीटीसुरेख' वर आले. वर्डच्या ११८ फायलींतून काहीच येईना, कारण वर्ड ९७ फाँटची नावं सोळा बिटांत लिहितं. तो पर्याय दिल्यावर तीही आली, आणि त्यात 'श्री-देव-०७०८' पण निघाला.

मग तक्ता करून रूपांतर. खरी मेहनत क्रमाची. फाँटात ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी आधी साठवलेली असते, ती उचलून व्यंजनानंतर न्यायची, आणि 'स्थिती' असेल तर अख्ख्या जोडाक्षरानंतर. रफार उलटा: 'धर्म' मध्ये तो म च्या नंतर टंकलेला, पण युनिकोडमध्ये म च्या आधी. माझ्या पहिल्या प्रयत्नात सगळ्या 'कार्यकर्त्यां'चं जे काही झालं ते इथे लिहीत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

काकू वाचनालयात आल्या. रूपांतर झालेल्या पहिल्या फॉर्मवर नजर टाकून म्हणाल्या, "हे शीर्षक योगेशमध्ये नव्हतं. चौकटीतल्या कविता मी श्रीमध्ये लावायचे, सुरेखचा 'ळ' मला आवडायचा नाही." तीन पानांवरच्या कविता जिथे निरर्थक येत होत्या त्या नेमक्या याच. तक्ता बदलला, कविता जागच्या जागी बसल्या. एका 'ळ'मुळे तीन पानांचा तक्ता वेगळा, हे कुठल्या सॉफ्टवेअरने सांगितलं असतं?

२२ फेब्रुवारी, शनिवार

१९९७. चार फ्लॉप्या, लेबलवर '९७ अंक १/४' ते '४/४'. फायली: डीआयव्ही९७.एआरजे, मग '.ए०१', '.ए०२', '.ए०३'. ए०१ हा फायलीचा प्रकारच नव्हे. मोठं गाठोडं फ्लॉपीत मावत नाही म्हणून एआरजे या फायली आवळणाऱ्या प्रोग्रॅमने केलेले तुकडे आणि त्यांचे क्रमांक. हाती आलेल्या तिन्हींची सुरुवात '६० ईए'. तिसरी फ्लॉपी, म्हणजे ए०२, न उतरलेल्या चारांत आहे. आज ड्राइव्ह बदलून पुन्हा प्रयत्न केला. नुसतं खरखरणं.

एआरजेला गहाळ तुकडा वगळून पुढे जायला सांगितलं. आठ फॉर्मपैकी सहा पूर्ण निघाले. पाचव्याचं शेपूट आणि सहाव्याचं डोकं तिसऱ्या फ्लॉपीत राहिलं. '.पीएम५' असल्यामुळे लिबरऑफिसने उघडले नाहीत, काकूंच्या मशीनवर पेजमेकर ६.५ मधून रूपांतर करून घेतले. पानं ६५ ते ९६ नाहीत.

बाजूला ठेवलेल्या त्या चौदा इस्की फायली आठवल्या. अनुक्रमणिकेशी ताडल्या: ६५ ते ९६ मधल्या सात मजकुरांपैकी सहा त्यात आहेत. प्रूफाआधीचे, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. काकू म्हणाल्या, चुका तशाच ठेव, वर टीप लाव.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मांडलं. १९९७ ची बत्तीस पानं वेगळ्या रंगाच्या कागदावर. एक आजोबा सहाव्या मजकुरात स्वतःच्या कथेतली चूक शोधून पेनाने दुरुस्त करायला निघाले होते, त्यांना थांबवलं.

२ मार्च, रविवार

आवराआवर. अंतिम संचात प्रतींना खरी एक्स्टेंशनं दिली. तक्त्यात रकाने: जुनं नाव, नवं नाव, पहिले सोळा बाइट, फाँट, एसएचए-२५६ (फाइल बदलली का ते सांगणारा ठसा). काकूंनी यादी खांद्यावरून बघितली. "माझी डॉकं पी-पासष्ट केलीस? बघ हं, बॅकअपात यायची नाहीत."

बाकी: 'डेटा'वाल्या १३ पैकी दोन ओळखल्या, ११ शिल्लक. मॅकची फ्लॉपी जुना मॅक असलेल्या कुणाकडे तरी न्यायची. ए०२ ची फ्लॉपी फेकायची नाही. १९९७ चा तो सातवा मजकूर, पान ८९, एकांकिका. लेखिकेच्या घरी हस्तलिखित आहे का ते काकू विचारणार आहेत.